मेंढरफाटा

सोलापूरहून आलेली धम्मप्रिया जुना नकाशा पुरा करण्यासाठी सांगोल्याच्या माळावर ठिकाणांची नावं टिपत होती. समोरून म्हाताऱ्या धनगरीण मायाक्काची मेंढरं आली, सपाट मोकळ्या जागी दोन बाजूंना फाकली आणि पुढं जाऊन परत एक झाली. तिथं ना दगड होता, ना झुडूप.

“आज्जी, या जागेला काय म्हणतात?”

“नाव न्हाय तिला. तू बी ठिवू नगंस, बाई.”

पण रकाना रिकामा कसा सोडायचा? तिनं हळूच लिहिलं, ‘मेंढरफाटा’.

दुपारी मेंढरं पाणी पिऊन परतली आणि त्याच जागेवरून सरळ चालत आली. मायाक्का मात्र थबकली.

“काय लिवलंस गं?”

धम्मप्रियानं वही मिटली. मेंढरं तिच्यापाशी पोचली होती. ती फाकली, एकदा तिच्याभोवती आणि एकदा तिच्या शेजारी, हातभर अंतरावरच्या रिकाम्या जागेभोवती.