उष्टं ताट

काचेच्या नळीतलं औषध उकळूनही निळंच राहिलं. शिरपूरच्या डॉक्टरांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि मान डोलावली. "लघवीत साखर नाही, प्रयागबाई. मागच्या साली हेच औषध विटेसारखं लाल झालं होतं." पायाची जखमही भरली होती. कापावा लागेल म्हणून सांगितलेल्या त्याच पायानं ती आज एसटीतून उतरून दवाखान्यापर्यंत चालत आली होती.

"रातचं जेवण सोडलं, त्याचा हा गुण," डॉक्टर म्हणाले.

झालं. तिचा नवरा जगदेव खुर्चीत ताठ झाला. "सोडलं कोनं? आमच्या घरची बाई नवऱ्याच्या आंधी घास घेत नाई, डाक्टर. मी रातच्याले पत्ते खेळून येतो, जेवतो, मंग ते माह्याच ताटात जेवते. लगन झालं तवापासूनचा नेम हाय. तिचं पुन्य फळलं."

ताट म्हटलं आणि ते प्रयागबाईच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. काय ते ताट! जेवताना हा बाबा गालातली तंबाखू काढून ताटाच्या काठाला चिकटवायचा. मिशीतून कढी गळायची. शेवग्याच्या शेंगेचा चोथा चावून भाताशेजारीच टाकायचा, आणि पोट भरलं की उरलंसुरलं पाचही बोटांनी कालवून बायकोसाठी ठेवायचा. दुष्काळात रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर खाल्ली तेव्हाही तिच्या वाट्याला हाच चिखल. तो स्वतः मात्र पोटच्या पोरानं तोंड लावलेला पाण्याचा गडवाही ओतून द्यायचा. तिला शिसारी यायची, त्या ताटाची आणि ताटाच्या धन्याचीही.

मागच्या साली डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दिवस बुडला की अंग झोपेच्या तयारीला लागतं, साखर जिरवणारी ग्रंथीही आळसावते. तेव्हा दिवस असताना जेवा, नाही तर पाय जाईल. ती का आळसावते ते मलाही ठाऊक नाही, पण पेशंटांत मी हेच पाहतो, असंही ते म्हणाले होते. जगदेव बाहेर येऊन हसला होता. "तो जैन हाय. त्याच्या धरमात रातचं खात नाईत, म्हून तुले सांगून राह्यला. आपल्याले कायले?"

"अन् माहा पाय गेला त?"

"नेम मोडला त माह्यं नाक जाईन," तो म्हणाला होता.

आता डॉक्टरांनी चष्मा काढला. चेहरा पडला होता त्यांचा. "रात्रीच जेवता? मग माझाच अंदाज चुकला म्हणायचा. तसं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतंच."

बाकड्यावर इंझोरीची गंगू बसली होती. कोवळी पोर, पण आजार तोच. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यातून काळं पडलेलं बोट दिसत होतं. सडका वास साऱ्या खोलीत भरला होता. तो वास प्रयागबाईच्या ओळखीचा होता, वर्षापूर्वी तिच्याच अंथरुणात होता.

गंगूच्या शेजारी तिचा नवरा शेषराव होता. त्यानं तिला कोपरानं ढोसलं. "आयकलं? कायले घाई करतं जेवाची? मी आलो म्हंजे जेवत जाय. ह्या मायचा पाय झाला का नाई बरा?"

गंगूनं खाली मान घातली. "हो," म्हणाली. डॉक्टर नळी धुवायला वळले.

प्रयागबाईला संताप आला. हे गुपित ती सरणावर घेऊन जाणार होती. नवऱ्याचं नाक शाबूत, आपला पाय शाबूत, मग कशाला उगाच तोंड उघडा? पण आता गप्प बसावं तर ह्या पोरीचा पाय जातो.

"गंगू, या दोघाईचं आयकू नको," ती म्हणाली. "डाक्टर बरोबर सांगतेत. दिवस हाय तवाच जेवून घेत जाय. मी सालभर तसंच करून राह्यलो."

जगदेव हसला. "काय बी बोलतं! रोज माह्यं ताट घेऊन चुलीपाशी बसतं ते?"

"ते म्हशीच्या टोपल्यात टाकतो."

त्याचं हसू मावळलं. बाकड्यावरचे सगळे त्याच्याकडे पाहत होते. "म्हंजे नेम मोडला तू?" तो कसाबसा बोलला. "माह्या ताटात जेवाचा नेम?"

"तो कायले मोडू? तुमच्याच ताटात जेवतो मी," प्रयागबाई म्हणाली. "तुमच्या आंधी जेवतो, अन् तेच ताट न धुता तुमाले वाढतो."