पंख्याची जाडी

बारा मार्च, सकाळचे सव्वादहा, टेबलावर आठ खोकी. लेकीने वर्षभर शिकवण्या घेऊन गेमिंग कॉम्प्युटरपुरते पैसे साठवले होते आणि सुटे भाग निवडण्याचे काम तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या वडिलांनी हौसेने अंगावर घेतले होते. ग्राफिक्स कार्ड दमदार घेता यावे, म्हणून त्यांनी कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचा डबा, स्वस्त आणि आखूड निवडले. बाकीचे सारे बसले. कार्ड मात्र आतल्या पंख्याला अडले. फोडलेले खोके दुकानदार परत घेत नसे. “बाबा, तुम्ही सगळं मोजलं होतंत ना?” “डबा मोजला, कार्ड मोजलं. पंख्याची जाडीच राहिली गं.” “विद्यार्थ्याला किती मार्क दिले असतेत?” “शून्य.” तिने पंखा काढून डब्याच्या सांगाड्याच्या बाहेरून बसवला. वडिलांनी श्वास रोखून कार्ड सरकवले, मग मोजायला पोलादी पट्टी लावली. कार्डापुढे मोकळी जागा: अठरा मिलिमीटर.