सहकर्जदार

"वडील नाहीत, मग सहकर्जदार कोण?" मॅडमनी विचारलं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बँकेत टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या. एकीवर ऋतुजा बसली होती, दुसरीवर तिचा चुलता बापूसाहेब. केराबाई लेकीच्या मागं उभी होती. सहकर्जदार हा शब्द तिनं मनातल्या मनात म्हणून बघितला. तो जिभेवर बसेना.

"मी हाय की, तिची आई," ती म्हणाली.

"तुमचं उत्पन्न काय?"

"शेरडं-मेंढरं हायती."

मॅडम हसल्या नाहीत. चांगल्या बाई होत्या. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि ऋतुजाला सावकाश समजावून सांगितलं. आईच्या सहीवर बिनतारण कर्ज मिळेल, पण त्यात पुण्याच्या फिजिओथेरपी कॉलेजची निम्मी फीसुद्धा भागणार नाही. त्याहून जास्त हवं तर जमीन तारण द्यावी लागेल.

"जमीन हाय," केराबाई घाईनं म्हणाली. "माळशिरसला. सामायिक हाय, ह्यांची आन् भावजींची."

"मग यांची सही लागेल," मॅडम बापूसाहेबाकडं बघत म्हणाल्या.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हता. भाऊ वारल्यापासून या मायलेकींचं दुखणंखुपणं त्यानंच बघितलं होतं. आज सकाळी एसटीचं तिकीटही त्यानंच काढलं होतं. तो बराच वेळ मांडीवरची टोपी फिरवत राहिला.

"मलाबी दोन पोरं हायती, मॅडम," शेवटी तो म्हणाला. "जमिनीला हात न्हाय लावायचा."

केराबाईला राग आला नाही. त्याच्या जागी ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"अजून काही मार्ग आहे का, मॅडम?" ऋतुजानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. महिनाअखेरीला फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"खाजगी फायनान्स कंपन्या देतात. तारण लागत नाही, पण व्याज जास्त. आणि सहकर्जदार पगारदार हवा. वडील, भाऊ..." मॅडम थांबल्या. मग, सगळंच सांगायचं म्हणून त्यांनी सांगून टाकलं, "लग्न झालेलं असेल तर नवराही चालतो."

बापूसाहेबाचे हात थांबले.

"टेंभुर्णीचं स्थळ हाय की, वहिनी," तो म्हणाला. "पोरगा कारखान्यात परमनंट हाय. दोनदा निरोप आलाय. आपल्या पोरीलाबी अठरा पुरी झाल्यात."

ऋतुजानं त्याच्याकडं बघितलंच नाही. "मॅडम, लग्नानंतर ते म्हणाले कॉलेज बंद कर, तर कर्जाचं काय होतं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कर्ज तुझ्या नावावर असतं, बाळ. शिक्षण अर्धवट सुटलं तरी ते फेडावं लागतं."

मागं रांगेत कुणीतरी घसा खाकरला. केराबाईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. 'ऊठ, घरला जाऊ,' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण घरी मेंढरं होती, आणि त्यांच्यामागं उन्हातान्हात जाणारा तिचा स्वतःचा सगळा जन्म.

"भावजी," ती म्हणाली, "ती माणसं महिन्याच्या आत लगीन उरकतील का?"

ऋतुजाचा खांदा तिच्या हाताखाली एकदम ताठ झाला.

बाहेर रस्त्यावर आल्या आल्या बापूसाहेबानं फोन लावला. रिक्षांच्या आवाजात तो मोठ्यानं बोलत होता. "व्हय, व्हय, शिकणार हाय पोरगी. म्होरं लई कमवंल... न्हाय हो, तुमाला एक पैसाबी लागत न्हाय. पोराची नुसती सही. कर्ज तिच्याच नावावर ऱ्हातंय, बँकेच्या मॅडमनीच सांगितलंय की!"

त्यानं फोनवर हात ठेवला. "हितंच येत्यात म्हणं. पोरगा आज सोलापुरातच हाय."

केराबाईनं ऋतुजाला स्वतःकडं वळवलं आणि तिच्या डोक्यावरून ओढणी घेतली. एक बाजू खाली आली होती, ती वर केली. मग दुसरी.

"आये, नीट हाय की ती," ऋतुजा म्हणाली.

केराबाई ओढणी नीट करतच राहिली.