मातीवरची खूण

माधवचा चेंडू रेषेबाहेर पडला. संभाजीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि तरीही तळहात जमिनीकडे करून तो म्हणाला, "आत."

म्हणजे पहिला सेट माधवचा. ठरलं होतं तसंच. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या निळ्या टोपीवाल्याने मोबाइल कानाला लावला. काल मार्केट यार्डात, वडिलांच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यासमोर, याच टोपीवाल्याने संभाजीच्या खांद्यावर हात टाकला होता. "भाऊ, फक्त पहिला सेट सोड. पुढची मॅच खुशाल जिंक. यात कुणाचं काय जातं?" कुणाचं काय जातं, ते संभाजीलाही सुचलं नव्हतं. 'एवढं वर्ष खेळ, मग गाळ्यावर बस,' असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. आणि सट्ट्याच्या कमाईतून टोपीवाला जेवढे पैसे देणार होता त्यात पुढच्या वर्षाची तिकिटं, हॉटेलं, कोचची फी, सगळं निघत होतं.

काम सोपंही होतं. पात्रता फेरीच्या या मॅचला खुर्चीत पंच नव्हता. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. लाल मातीवर चेंडूची खूण उमटते, तेवढी बुटाने पुसली की झालं. या गेममध्ये संभाजीने दोनदा तसं केलं होतं. चेंडू रेषेच्या अगदी जवळ होते, त्यामुळे माधव नुसती भुवई उंचावून गप्प राहिला होता. प्रेक्षकांतल्या एका पेन्शनर आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या होत्या. "याला म्हणतात खिलाडूपणा! नाहीतर हल्लीची पोरं..." असं ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते.

संभाजीने तिसऱ्यांदा बूट उचलला.

"पाय तिथेच ठेव," नेटपाशी येत माधव म्हणाला. "खूण दाखव."

"आत होता की, दादा."

"मी चौतीस वर्षांचा आहे. आंधळा नाही."

माधव सदाशिव पेठेतला. सकाळी लहान मुलांना टेनिस शिकवायचा, दुपारी गुडघ्याला पट्टा बांधून स्वतः खेळायचा. इतकी वर्षं पात्रता फेऱ्या खेळून तो मुख्य स्पर्धेत एकदाही पोहोचला नव्हता. आजची मॅच जिंकली तर पोहोचणार होता. पुण्यातल्या सगळ्या कोर्टांवर हे ठाऊक होतं. काहीजण त्याची टिंगल करत, आणि त्यात संभाजीही असे.

नाइलाजाने संभाजीने रॅकेटच्या टोकाने खुणेभोवती गोल काढला. माधव नेटला वळसा घालून आला आणि खुणेवर वाकला. खूण आणि रेषा यांच्यामध्ये दोन बोटं तांबडी माती स्वच्छ दिसत होती.

"बाहेर आहे. पुन्हा बरोबरी, ड्यूस."

"अहो, मी देतोय ना पॉइंट!" संभाजीच्या तोंडून निसटलं.

माधवने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या टोपीकडे.

"दिलेला नकोय मला, जिंकलेला हवाय," तो म्हणाला. "आणि आजच हवाय. उद्या गुडघा काय म्हणेल, सांगता येत नाही. कर सर्व्हिस."

एवढं बोलून तो लंगडत आपल्या जागेवर गेला. या वेळी टाळी वाजली नाही. काय घडलं ते आजोबांना कळलंच नव्हतं.

संभाजी थक्क होऊन बघत राहिला. हाती आलेला सेट या माणसाने परत केला होता, आणि वर त्यालाच दटावलं होतं. देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा संभाजीला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. कुणाचं काय जातं, ते समोर पट्टा आवळत उभं होतं.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. दोनदा डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून पॉइंट घालवला, की काम फत्ते. पहिली सर्व्हिस त्याने मुद्दाम नेटमध्ये मारली. दुसरीसाठी चेंडू जमिनीवर टप्पे देत असताना त्याची मान वर झाली. माधव वाकून उभा होता, दुखऱ्या पायावरही वजन टाकून, नजर चेंडूवर लावून. जगातली सगळ्यात चांगली सर्व्हिस आता येणार, अशी त्याची तयारी होती. संभाजीकडे इतक्या आदराने आजवर कुणी पाहिलं नव्हतं, घरच्यांनीही नाही.

त्याने चेंडू उंच फेकला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मारला.

दुसरी सर्व्हिस अशी कुणी मारत नाही. माधवची रॅकेट पोहोचायच्या आत चेंडू कोपऱ्यात आपटून मागच्या जाळीवर धडकला. टोपीवाला ताडकन उठला. "बाहेर! स्पष्ट बाहेर!" आजोबा ओरडले.

माधव खुणेपाशी गेला आणि दुखरा गुडघा धरून हळूहळू खाली बसला. चेंडूची जेमतेम कड रेषेला लागली होती. त्याने बाहेर म्हटलं असतं, तर संभाजी एका शब्दाने बोलणार नव्हता.

माधवने तळहात जमिनीकडे केला.

"आत," तो म्हणाला, आणि बूट जपून उचलत खुणेपासून बाजूला झाला, कुणाला येऊन बघायची असेल तर बघता यावी म्हणून.