शेगडीचे पाय

वच्छलाबाईंनी पिशवीतून स्टीलचा चमचा काढला आणि दुकानात मांडलेल्या शेगडीच्या बर्नरवर हाणला.

"अवं मावशी, वाजवून काय पाह्यता? मडकं हाय काय ते?" दुकानदार मोतीलाल हसला.

"मडकं फुटलं तं पाणीच सांडते, भाऊ. हे फुटलं तं पोरी भाजतीन."

मोतीलालचं हसू जागीच राहिलं. वर्षालीनं मान डोलावली. वडनेरच्या बचत गटाची ती अध्यक्ष. गटाच्या बाया आवळ्याचा मुरब्बा घालत, बरण्या भरत आणि माल टिकावा म्हणून भरल्या बरण्या मोठ्या गंजात, कड्यांच्या पातेल्यात, पाणी घालून उकळून काढत. मागल्या महिन्यात त्या वजनानं घरच्या शेगडीची जाळी वाकली, गंज कलंडला. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. म्हणून आज दोघी वर्ध्याला आल्या होत्या. येताना मापासाठी गंजही एसटीत घालून आणला होता.

पारख मात्र वच्छलाबाईंची. गावच्या कीर्तनात महाराजांच्या मागं त्यांनी वीस वर्षं टाळ धरला होता. कोणत्या टाळात चीर आहे हे त्या डोळे मिटून सांगत. अलीकडं पाच मिनिटं उभं राहिलं की कमरेतून मुंग्या उतरत आणि पाय परक्याचे होत. त्यामुळं टाळही बसून आणि मुरब्ब्याचा पाक ढवळणंही बसूनच. पण पाक मोडला असं एकदाही झालं नव्हतं.

दुकानात जाड बिडाच्या दोनच शेगड्या होत्या. एक बसकी, वीतभर उंचीची. दुसरी लोखंडी पायांची, उभ्या माणसाच्या कमरेला लागेल अशी.

वच्छलाबाई बसकीपाशी स्टूल ओढून बसल्या. हात आपोआप पुढं गेला, जणू गंज चढलेलाच आहे. बसून ढवळायला काय बेताची होती! त्यांनी चमचा वाजवला.

आवाज उठला आणि तिथंच बसला.

त्यांनी पुन्हा वाजवला, हलक्यानं. मग पदरानं धूळ पुसल्यासारखं करून बोट फिरवलं. रंगाखाली केसाएवढी रेघ नखाला लागली.

वर्षाली पलीकडं गॅसच्या नळीचं विचारत होती. "कशी हाय, मावशी?"

वच्छलाबाईंचं नख रेघेवरच थांबलं. केसाएवढी तर रेघ. दोन वर्षं तरी निघतील, आणि दोन वर्षांनी आपण तरी कुठं असणार? तोवर बसून ढवळू. त्यांनी पंख्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मग डोळ्यांपुढं उकळता गंज आला, त्याच्या भोवती ओणवलेल्या पोरी आल्या.

"हे नोको घेऊ," त्या म्हणाल्या. "तडा हाय."

मोतीलालनं चष्मा लावून पाहिलं. चेहरा उतरला त्याचा. "खरंच हाय वो. माह्या ध्यानातच नाई आलं."

"अशीच दुसरी हाय काय?" वर्षालीनं विचारलं.

"नाई येत आता. आजकाल सगळ्याइले उभ्यानंच पाह्यजे."

वच्छलाबाई स्टुलाला धरून उठल्या. उंच शेगडीला टेकून त्यांनी चमचा मारला. नाद निघाला तो पार दाराबाहेरपर्यंत गेला. तो विरेपर्यंत त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"हीच घे, वर्षाली. तुह्या सुनाबी हिच्यावर मुरब्बा करतीन."

"अन् तुमी कशा ढवळसान?"

"मी कायले ढवळू? पाक आता गटातल्या काजलले शिकवतो. मी आपली बरण्या पुसत जाईन, झाकणं लावत जाईन. बसून करायची कामं का कमी हायेत?" त्या हसल्या आणि चमचा पिशवीत घालू लागल्या. पिशवीचं तोंड काही केल्या सापडेना.

वर्षालीनं वाकून त्या शेगडीचे लोखंडी पाय चाचपले.

"भाऊ, हिचे पाय कापून देता काय?"

"नव्या मालाचे?" मोतीलाल उडालाच. "लोकं पाय उंच करून मांगते, ताई. कापून मांगणारी तुमी पयल्याच. गॅरंटी जाईन ना!"

"जाऊ द्या. समोर वेल्डिंगवाला दिसून राह्यला मले. कुठून कापायचे तेवढं ठरवा."

"अवं पोरी, वेडी झाली काय? दहा बायाईचं काम—"

"मावशी, तुमी बसा स्टुलावर."

वच्छलाबाई बसल्या. मोतीलालनं एक कडी धरली, वर्षालीनं दुसरी, आणि दोघांनी रिकामा गंज म्हातारीपुढं अधांतरी उचलला. वच्छलाबाईंच्या हातात दुकानातलाच एक लांब झारा दिला. रस्त्यावरची दोन माणसं दारात थबकली.

"ढवळा," वर्षाली म्हणाली.

झारा फिरू लागला. वच्छलाबाईंचा खांदा वर उचलला जात होता.

"खाली घ्या, भाऊ."

गंज खाली आला. अजून खाली. वच्छलाबाईंचा खांदा अजून पुरता सैल झाला नव्हता, तरी त्यांनी झारा थांबवला.

"बस झालं. इथंच खूण करा. याच्या खाली नेलं तं बाकीच्या बायाईले वाकावं लागन."

वर्षालीनं आपल्या हातातली कडी आणखी चार बोटं खाली नेली. गंज एका अंगाला कलला.

"वाकू ना आमी," ती म्हणाली.

मोतीलालनं म्हातारीकडं पाहिलं, वर्षालीकडं पाहिलं. मग गुडघे वाकवून त्यानंही आपली कडी खाली घेतली. गंज सरळ झाला.