एका वेळी एकच

“काका, घरात एका वेळी किती मोठी उपकरणं चालतात?” वीजकंपनीकडून आलेल्या मुलीने विचारले.

“एकच!” सासऱ्यांनी छाती पुढे काढून सांगितले. “गीझर तर गीझर. मिक्सर तर मिक्सर. एक गेल्याशिवाय दुसऱ्याला लाईन क्लिअर नाही.”

उभा जन्म त्यांचा रेल्वेच्या सिग्नलवर गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी खुर्ची टाकली ती थेट मेन स्विचखाली, आणि घरातली वीज गाड्यांसारखी सोडायला घेतली. न्हाणीतून “लावू का?” आले की इकडून “थांब” नाहीतर “लाव” जायचे. फ्यूज उडाल्याचे घरात कुणाला आठवत नव्हते. गल्ली त्यांना सिग्नलसाहेब म्हणे, आणि ते ऐकून त्यांच्या मिशा हसत.

“एकच? मग तुम्हाला आमची सगळ्यात लहान योजना पुरे,” मुलगी टॅबवर बोट फिरवत म्हणाली. “पैसे आठवड्याला भरा, नाहीतर महिन्याला. करार महिन्याचा. नको वाटलं की सोडा.”

“सोडा? अहो, ही काय सोयरीक झाली? काल आलेला दुसऱ्या कंपनीचा माणूस निदान दोन वर्षं बांधून घेत होता.”

“अशी मुभा आमच्या वेळी असती ना,” सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “तर पहिल्याच महिन्यात—”

“ऐकलं, ऐकलं! आणि मिक्सर लावू नकोस, सूनबाईची इस्त्री तापतेय.”

सून बाहेरच्या खोलीत धुतलेल्या ओलसर कपड्यांच्या गाठोड्यांच्या राशीपाशी उभी होती. गेस्टहाऊसच्या मॅनेजरने सकाळीच ती आणून टाकली होती. “संध्याकाळपर्यंत कडक करून द्या. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं,” एवढेच बोलून तो गेला होता. हातातल्या इस्त्रीने ती रास संपवायची म्हणजे वाटीने विहीर उपसायची. बंद पडलेल्या लाँड्रीतून तिने इस्त्रीचा जुना रोलर आणला होता, खाटेएवढा. पण तो लावायचा तर घरातले बाकी सगळे बंद करावे लागे, फ्रीजसुद्धा. तिची पाळी यायची ती सगळ्यांची आंघोळपाणी, स्वयंपाक उरकल्यावर.

मुलीचे बोट ‘लहान’वर टेकणार, तोच सून म्हणाली, “थांबा!”

सासरे वळले. त्यांच्या खुर्चीसमोर आजवर ‘थांबा’ दुसरे कुणी म्हटले नव्हते.

“आम्ही कसं वापरतो ते नका लिहू, ताई,” सून म्हणाली. “कसं वापरणार ते लिहा. रोलर, गीझर, मिक्सर, फ्रीज. सगळं एकदम.”

“एकदम?” सासरे खुर्चीतून अर्धे उठले. “अपघात करायचाय का घरात?”

“बाबा, तुम्ही एका वेळी एकच गाडी का सोडायचात?”

“रूळ एकच होता म्हणून! हे काय विचारणं झालं?”

“आणि दुसरा रूळ टाकल्यावर?”

दुसरे काही असते तर सासऱ्यांनी फाटे फोडले असते. पण रुळाबद्दल त्यांना खोटे बोलता येईना.

“मग दोन्हीकडून सोडायचो,” ते पुटपुटले.

“मग टाकू द्या की दुसरा. जाड वायर, मोठा फ्यूज तर मी रोलर आणला तेव्हाच बसवून घेतलाय.”

“आणि काम टिकलं नाही तर? एवढा मोठा लोड उरावर घेऊन बसायचं?”

“पुढच्या महिन्यात कमी करून टाका, काका,” मुलगी म्हणाली. “त्यासाठीच तर करार महिन्याचा.”

“कालच्याकडे ही सोय नव्हती,” सून म्हणाली. “मी त्याला फाटकात गाठून विचारलं होतं.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. मग गाठोड्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“अहो, होकार द्या आता!” सासूबाई दारात येऊन उभ्या. “माझं वाटण आंबेल!”

सासऱ्यांनी टॅबवर अंगठा टेकवला. मुलीने ऑफिसला फोन लावला. गल्लीभर नवे मीटर बसलेले, लोड तिकडूनच वाढायचा. मीटरच्या फळीवरचा हिरवा दिवा दोनदा मिचकावला.

“झालं. लावा आता काय लावायचं ते.”

कुणीच हलेना. मग सासूबाईंनी पदर खोचला आणि मिक्सर फिरवला. सुनेने पळत जाऊन गीझर लावला, तशीच पळत येऊन रोलरचे बटण दाबले. सासऱ्यांचा हात आपोआप फ्यूजकडे गेला आणि वाट पाहत राहिला. फ्यूज उडाला नाही. मिक्सर घरघरत होता, फ्रीज गुणगुणत होता आणि तापत्या रोलरमधून धग उठत होती. सासूबाई मिक्सर चालू ठेवूनच बाहेर डोकावल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

सुनेने पहिल्या गाठोड्यातून हॉलच्या लांब टेबलावरचे कापड उपसले आणि त्याची कड रोलरमध्ये सारली. पलीकडून ते पांढरेशुभ्र, कढत बाहेर येऊ लागले.

“बाबा, धरा, धरा! जमिनीला लागेल!”

सासरे खुर्ची सोडून धावले. दोन्ही हातांनी त्यांनी टोके उचलली.

“हं, आता मागे जा.”

“कुठवर?”

“चला तुम्ही. मी सांगते.”

ते मागे सरकू लागले. कंपनीची मुलगी टॅब छातीशी धरून भिंतीला चिकटली. कापड येतच होते. सासऱ्यांनी न बघता उंबरा ओलांडला, ओटी ओलांडली, पायाने पायरी चाचपली. उन्हात त्यांचे हात खांद्यांच्याही वर होते.

“अजून?” त्यांनी बाहेरून ओरडून विचारले.

“अजून, बाबा! अजून!”