गुरुवारचा कचरा

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत महेंद्रने दोनदा कठड्याला हात टेकला. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि त्याच्या गुडघ्यांत आता जोर नव्हता. सकाळपासून घोडबंदर रोडवर दोन ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून झाले, मग त्या ट्रॅफिकमधून बाइक रेटत डोंबिवली. त्याने बेल दाबायच्या आधीच जाईबाईंनी दार उघडलं.

"जयभीम मावशी. कॉम्प्युटर परत बसला का?"

"बसला कसला, पार आडवा झालाय. तू आधी पाणी पी."

आत कुंडलिककाका कॉम्प्युटरसमोर बसलेले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. केमिकल कंपनीतून रिटायर झाल्यापासून बुद्धविहाराच्या नोटिसा आणि सभासदांची यादी त्यांच्याकडे होती. एक नोटीस टाइप करायला त्यांना दोन दिवस लागत. त्यात मशीनने मान टाकली की संपलंच.

"बुधवारी सकाळपर्यंत चांगला चालतो बघ," काका म्हणाले. "दुपारनंतर काय होतं कळत नाही. आणि उद्या नोटीस लावायचीय."

"दर आठवड्याला तेच, काका. मी पण माणूस आहे ओ. तीन जिने चढून वाट लागते माझी."

"मग नको येऊस," जाईबाई आतून म्हणाल्या. "सुकट-वांगं केलंय, ते आम्ही दोघं खाऊ."

फीचा विषय त्यांनी पहिल्याच महिन्यात मिटवलेला. फी घ्यायची नाही, पण जेवल्याशिवाय जायचं नाही, एवढीच अट.

महेंद्रने स्क्रीनवर काळी खिडकी उघडली. जाईबाई तिला पाटी म्हणत. माउसने एकेक फाइल उडवत बसलं तर संध्याकाळ व्हायची. पाटीवर एक ओळ लिहिली, कचरा साठतो त्या टेम्प फोल्डरचं नाव दिलं आणि एंटर दाबलं की मशीन आपलं आपण झाडून घेतं. फायलींची पांढरी नावं भराभर वर सरकू लागली. महेंद्र खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे मिटले.

"आठवड्यात मी एक नोटीस लिहिली," काका चष्मा सावरत म्हणाले, "आणि कचरा एकोणचाळीस हजार फायलींचा. कुठून येतो रे?"

"तात्पुरत्या फायली असतात. प्रोग्राम वापरतात आणि तिथेच टाकून देतात. साठतं आपोआप."

"शेजारच्या योगिनीकडे अगदी हाच कॉम्प्युटर आहे. तिचा नाही साठत," काका म्हणाले.

"हिला विचार," असं म्हणून काकांनीच मग आतल्या दिशेने बोट केलं. "दुपारी मी झोपलो की ही बसते त्याच्यावर."

"मी फक्त पुसते!" जाईबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटायला घाईघाईने वळल्या.

माणसं एकटी पडली की त्यांची यंत्रं वरचेवर बिघडतात, हे महेंद्रला बावीस वर्षांच्या धंद्यात पाठ झालेलं.

ताट आलं. दुसरी भाकरी मोडताना त्याचा फोन वाजला. कल्याणचे एक डॉक्टर अकरापासून त्याची वाट बघत होते.

"निघालोय डॉक्टर. पत्रीपुलावर अडकलोय, काय सांगू तुम्हाला," महेंद्र तोंडातला घास गालात सरकवत म्हणाला.

"आमच्यापायी खोटं बोलतोस रे," काका हसले.

"वांगं सोडवत नाही ना."

"आई गेल्यापासून घरी काही शिजवतोस की नाही?" जाईबाईंनी विचारलं.

"शिजवतो की."

विषय संपवायचा असला की महेंद्र असंच उत्तर द्यायचा. जाईबाईंनी न विचारता तिसरी भाकरी वाढली.

मग काकांनी घसा खाकरला. "राकेशचा फोन आलेला. रविवारी नवीन मशीन आणतोय. हे जाणार भंगारात."

राकेश त्यांचा मुलगा. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहायचा. ट्रॅफिकमुळे दोन-दोन महिने त्याला डोंबिवलीला यायला जमत नसे.

"नवीन असं बसणार नाही म्हणे. कुणाला बोलवायलाच नको," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद फारसा नव्हता.

"म्हणजे आता तुझं येणं..." जाईबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"सुटलो म्हणा की," महेंद्र म्हणाला. पण घास हातातच राहिला. त्याला फार वाईट वाटलं आणि ते लपवायचीही ताकद आज त्याच्यात नव्हती.

"असाच येत जा की रे," काका म्हणाले. "काम नसताना."

"काम नसताना कसं येणार?"

"का? दार काय बंद असतं?"

"बघू," महेंद्र पुटपुटला. काम नसताना कुणाच्या दारात, तेही जेवणाच्या वेळेला, जायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. पंचेचाळिशीनंतर अशा सवयी सुटत नाहीत.

हात धुऊन तो परत खुर्चीत बसला. पाटी कधीच रिकामी झाली होती. मशीन आता सुरळीत चालत होतं.

"काका, तुमचं सगळं नवीन मशीनवर घ्यायला लागेल. नाहीतर हे गेलं की सगळं गेलं. आत्ताच कॉपी करून ठेवतो, सोमवारी येऊन नवीनवर टाकतो."

"किती करतोस रे आमच्यासाठी," जाईबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या पदराने डोळे पुसत उरलेली भाजी डब्यात भरायला आत गेल्या. काका खाटेवर आडवे झाले.

महेंद्रने खिशातून पेनड्राइव्ह काढला. विहाराच्या नोटिसा घेतल्या. सभासदांची यादी घेतली. नातवंडांचे फोटो घेतले. आणि काकांचा डोळा लागलाय याची खात्री करून, आठवड्यातून एकदा टेम्प फोल्डर कचऱ्याने भरून टाकणारी, स्वतःच्या हाताने लिहिलेली ती छोटीशी फाइलही घेतली.